परसबाग प्रश्नोत्तरे : हिरवळीवरचे मातीचे ढीग आणि ते उकरणारा

सोयाबीन निघाले, दिवाळी झाली, की या सदराकडे एका विशिष्ट तक्रारीची पत्रे येऊ लागतात. अंगणात, हिरवळीत, वाफ्यांत रातोरात मातीचे ढीग उठतात आणि ते कोण उठवतो हे कळत नाही. या वेळी त्या पत्रांपैकी पाच निवडली असून पहिल्या पत्राला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण त्याच्या उत्तरात इतरांची अर्धी उत्तरे येऊन जातात.

प्रश्न : सेवानिवृत्तीनंतर गावातील जुन्या घरासमोर सुमारे पाचशे चौरस फूट जागेत मी हिरवळ लावली. कोजागिरीनंतर रोज सकाळी गवतावर ताज्या मातीचे ढीग दिसू लागले असून काही ठिकाणी चालताना पाय घोट्यापर्यंत खचतो. मुलाने परदेशातील चित्रफिती पाहून हा ‘मोल’ नावाचा प्राणी असल्याचे ठरवले. त्यानुसार एरंडेल तेलाचे पाणी शिंपडणे, बिळात डांबरगोळ्या टाकणे आणि जमिनीत रोवायचे थरथरणारे यंत्र बसवणे असे तीन उपाय झाले, तरी ढीग वाढतच आहेत. शब्दकोशात मोल म्हणजे चिचुंद्री असा अर्थ सापडतो. मग ही चिचुंद्री बागेतून कशी घालवावी? (निवृत्त शिक्षक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

उत्तर : आपले तीनही उपाय वाया गेले याचे कारण ते अशा प्राण्यासाठी होते, जो आपल्याकडे नाहीच. इंग्रजीत ज्याला मोल म्हणतात तो प्राणी विदर्भातच काय, महाराष्ट्रात कुठेही आढळत नाही. युरोप, उत्तर अमेरिका आणि आशियाच्या थंड हवेच्या भागांत त्याची वस्ती आहे. भारतात त्याच्या मोजक्या जाती पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगराळ राज्यांत सापडतात. मखमलीसारखी लव, जवळजवळ नाहीसे झालेले डोळे आणि बाहेरच्या बाजूला वळलेले फावड्यासारखे पुढचे पंजे अशी त्याची ठेवण असते. तो जमिनीखालीच राहतो आणि गांडुळे व किडे खातो. झाडांची मुळे त्याचे अन्न नव्हे. शब्दकोशांनी त्याला चिचुंद्री म्हटले ते जवळचा मराठी शब्द म्हणून. आपली चिचुंद्री हा वेगळा प्राणी आहे आणि आपल्या हिरवळीचे नुकसान तिने केलेले नाही. तिच्याविषयी पुढे एका वाचक भगिनींनी विचारले आहे.

आपल्या वर्णनावरून हे काम घुशीचे दिसते. आपल्याकडे घुशी दोन प्रकारच्या आहेत. मोठी घूस घराच्या पायाशी, मोरीजवळ, गोठ्याच्या भिंतीकडेला राहते आणि पूर्ण वाढ झालेली घूस वजनाने किलोभराच्या पुढेही जाते. लहान घूस, जिला कित्येक जण मोठा उंदीरच समजतात, ती वावरात, धुऱ्यावर आणि आपल्यासारख्यांच्या हिरवळीत राहते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत या लहान घुशीला चक्क ‘इंडियन मोल-रॅट’ म्हटलेले आहे, त्यामुळे मुलाचा घोळ होणे स्वाभाविक होते. इंग्रजीतला ‘बँडिकूट’ हा घुशीसाठीचा शब्दही आपल्या शेजारच्या तेलुगूतून गेला आहे; तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’ म्हणजे डुक्कर-उंदीर. घूस कोंडीत सापडली की अंगावरचे राठ केस फुलवून घुरघुरते; तो आवाज ज्याने एकदा ऐकला, त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

तरीही माझ्या अंदाजावर विसंबू नका, स्वतः खात्री करून घ्या. सकाळी दव वाळण्यापूर्वी एखाद्या ताज्या ढिगाशेजारी उकिडवे बसा आणि माती चिमटीत घेऊन पाहा. घुशीच्या ढिगातली माती चाळणीतून काढल्यासारखी मोकळी, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या खड्यांची आणि आजूबाजूच्या वाळलेल्या मातीपेक्षा गडद व ओलसर असते. ढिगाच्या मध्यावर उघडे तोंड दिसत नाही, कारण घूस आत शिरल्यावर मागच्या मागे मातीचा बोळा सारून दार लावून घेते. काडीने माती हलकेच बाजूला केली, की तळाशी तिरपे जाणारे गोल भोक सापडते. तेथेच गवताची कुरतडलेली पांढरी मुळे किंवा एखादा अर्धवट खाल्लेला कंद मिळाला, तर शंकेला जागा उरत नाही. हे सारे काडीनेच करावे. बिळात हात किंवा पाय कदापि घालू नये. उंदराचे रिकामे बीळ नाग आणि घोणस यांना आयते घर होते, आणि आपल्या भागात सर्पदंशाच्या घटना काही थोड्या नाहीत.

घूस आपल्याच हिरवळीत का आली, हेही लक्षात घ्या. आश्विन-कार्तिकात सोयाबीन निघते आणि वावरातले अन्न आणि आडोसा दोन्ही एकदम नाहीसे होतात. काळी माती वाळून दगडासारखी होते, भेगाळते. अशा वेळी साऱ्या शिवारात आपली हिरवळ हीच रोज पाणी मिळणारी, मऊ आणि खणायला सोपी जागा असते. त्यातच आवाराच्या भिंतीला टेकवून तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला असेल, बाजूला कुटाराची गंजी असेल आणि कोंबड्यांना घातलेले दाणे रात्रभर अंगणात पडून राहत असतील, तर घुशीला आणखी काय हवे? पत्रात आपण याचा उल्लेख केलेला नाही, परंतु मी आजवर पाहिलेल्या अशा दहांपैकी आठ-नऊ अंगणांत तुराट्यांचा ढीग होताच.

आता उपायाकडे येतो. पहिले काम बिळे मोजण्याचे. ढीग वीस दिसले म्हणजे घुशी वीस असे मुळीच नाही. एकाच घुशीच्या बिळाला अनेक तोंडे असतात, शिवाय संकटात पळून जाण्यासाठी वरून मातीचा पातळ थर ठेवलेली एक चोरवाटही असते. म्हणून एके दिवशी संध्याकाळी सारे ढीग सपाट करावेत, सर्व तोंडे मातीने दाबून बंद करावीत आणि प्रत्येक ठिकाणी एक काडी रोवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या काड्यांजवळ ताजी माती आली असेल, तीच बिळे जिवंत. उरलेल्यांवर श्रम खर्च करू नयेत. कृषी विभागाची माणसे शेतातही याच पद्धतीने बिळे मोजतात. मागील वर्षी सेलू तालुक्यातील एका अंगणात आम्ही हीच मोजणी केली, तेव्हा एकतीस तोंडांपैकी सकाळी केवळ चार उघडी निघाली आणि घरच्या माणसांची अर्धी धास्ती तिथेच संपली.

जिवंत बिळांजवळ आणि भिंतीच्या कडेने लोखंडी पिंजरे लावावेत. येथे बहुतेक जण एक चूक करतात: पिंजरा आणला त्याच रात्री खटका लावून ठेवतात. घूस नव्या वस्तूला बिचकते. पहिले तीन दिवस पिंजऱ्याचे दार बांधून उघडेच ठेवावे, आत तेलात भिजवलेला भाकरीचा तुकडा, भजे, खोबऱ्याचा तुकडा किंवा चालत असल्यास सुकट ठेवावी आणि तिला निर्धास्तपणे खाऊन जाऊ द्यावे. चौथ्या रात्री खटका लावावा. पिंजरा हाताळताना हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी, कारण उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार पसरतात. पकडलेली घूस दुसऱ्याच्या धुऱ्यावर नेऊन सोडणे म्हणजे आपले दुखणे शेजाऱ्याच्या गळ्यात बांधणे होय, तर पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवणे म्हणजे तिचे हाल करणे. मारणे भागच असेल, तर ते जाणत्या माणसाच्या हातून आणि एका घावात व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिळात पाण्याचा पाइप सोडण्याचा उपाय कोणी सुचवला असेल, तर घराजवळ तो करू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. पायालगतच्या पोकळीत हंडेच्या हंडे पाणी गेले, की भिंतीला तडा जाण्याची भीती असते. डांबरगोळ्या काढता येतील तेवढ्या काढून घ्या, कारण लहान मुलांनी त्या तोंडात घातल्यास विषबाधा होते. थरथरणारे यंत्र मात्र दुकानदार परत घेत असेल, तर खुशाल द्या.

घूस गेल्यानंतर खचलेली जागा तशीच राहू देऊ नये. पहारीने बोगद्याचे छत मुद्दाम पाडावे, आत माती आणि बारीक मुरूम घालून धुम्मसने ठोकावे, वर दोन बोटे पोयटा पसरून हरळीचे तुकडे लावावेत. तुराट्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून फूटभर उंच मांडवावर हलवाव्यात. पाणी रोज थोडे देण्याऐवजी काही दिवसांच्या अंतराने भरपूर आणि तेही सकाळी द्यावे, म्हणजे रात्री वरचा थर तुलनेने कोरडा राहील. एवढे करूनही पुढील हंगामात एखादी घूस येईल; परंतु पहिल्या ढिगाच्या दिवशीच पिंजरा लावल्यास तिला कुटुंब वाढवण्यास सवड मिळणार नाही. घुशीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो, त्यामुळे महिनाभराची दिरंगाई फार महाग पडते.

प्रश्न : माझ्या परसबागेत हळद, अळू आणि रताळी आहेत. घुशी कंद खालून पोखरतात आणि वरचे झाड एक दिवस अचानक माना टाकते. घरातील मंडळी बिळात औषध टाकण्याचा आग्रह करतात. दोन वर्षांपूर्वी शेजारी टाकलेल्या औषधाने आमचे मांजर गेले, म्हणून माझे मन धजत नाही. (गृहिणी, मोर्शी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : ताई, आपले मन धजत नाही हे योग्यच आहे, आणि घरातील मंडळींना हे उत्तर वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. घुशीसाठी बाजारात मिळणारी काळी पूड बहुधा झिंक फॉस्फाइडची असते. पोटातील आम्लाशी तिचा संयोग झाला, की फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावर कोणताही नेमका उतारा नाही. मांजर, कुत्रे, कोंबडी किंवा अंगणात खेळणारे मूल यांच्यात आणि घुशीत हे विष काहीही भेद करत नाही. शिवाय ज्या घुशीने थोडेसेच खाल्ले आणि ती जगली, ती त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या सावकाश काम करतात आणि त्यांवर जीवनसत्त्व के-1 हा उतारा आहे. परंतु अशी वडी खाल्लेली घूस पुढील काही दिवस हिंडत असते आणि तिला खाणारे मांजर किंवा घुबडही त्या विषाचे धनी होते. धान्यात ठेवण्याच्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, घराजवळच्या बिळात टाकण्याचा विचारही करू नये, कारण त्याचा वायू फटींतून घरात शिरू शकतो. आपल्याकडे थिमेट या नावाने ओळखले जाणारे फोरेट बिळात टाकण्याची जुनी सवय आहे. त्याची विक्री आणि वापर केंद्र सरकारने 31 डिसेंबर 2020 पासून बंद केला आहे, म्हणून कोठीत एखादा जुना डबा शिल्लक असल्यास तो वापरू नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते दिवस ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना विष घरात आणू नका असे वेगळे सांगावे लागू नये.

कंदांसाठी खात्रीचा उपाय जाळीचा आहे. पुढील ज्येष्ठात हळद लावण्यापूर्वी वाफा हातभर खोल उकरून तळाशी आणि चारही कडांना अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी बसवावी, कडा जमिनीच्या वर वीतभर येऊ द्याव्यात आणि मग त्यात माती व शेणखत भरून लागवड करावी. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ षटकोनी जाळी घेऊ नये. घुशीचे दात ती तोडतात. खर्च एकदाच येतो आणि जाळी बरीच वर्षे टिकते. यंदाच्या पिकासाठी मात्र पिंजरा, साफसफाई आणि वेळेवर काढणी याच गोष्टी हाती आहेत. रताळी तयार झाली असल्यास जमिनीत राखून ठेवू नयेत.

एक गोष्ट आपल्या पत्रामुळे आठवली. काही वर्षांपूर्वी एका परसात आम्ही घुशीचे बीळ पहारीने शेवटपर्यंत उकलले. दोन हात आत एक गोलसर कप्पा लागला आणि त्यात हळदीची बोटे, एकावर एक, जणू कोणी हाताने रचून ठेवली होती. प्रत्येकाला दातांच्या दोन-दोन समांतर खुणा आणि कापलेल्या जागी रंग अजून ताजा पिवळाधमक. त्या घरच्या आजींनी ती बोटे वेचून, धुऊन पुन्हा बियाण्यासाठी लावण्याचे ठरवले होते, परंतु मी त्यांना तसे न करण्यास सांगितले, कारण जखमी कंद सडतात आणि त्यांच्यावर घुशीचे मूत्रही असते.

प्रश्न : संध्याकाळी चिकचिक आवाज करीत भिंतीच्या कडेने पळणारी, लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री घरात आणि बागेत दिसते. सासूबाई तिला मारू देत नाहीत. ती बागेचे नुकसान करते का? (दिग्रस तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : सासूबाईंचे ऐकावे. चिचुंद्री उंदराच्या कुळातली नाहीच. झुरळे, वाळवी, अळ्या आणि किडे हे तिचे मुख्य अन्न आहे आणि कुरतडण्यासाठी लागणारे उंदरासारखे सतत वाढणारे दात तिला नाहीत. तिचा तो वास अंगावरील ग्रंथींतून येतो आणि त्यामुळे मांजर तिला मारले तरी सहसा खात नाही. भाग्य असेल, तर आईच्या शेपटीजवळ तोंडाने धरून एकामागे एक रांगेने चाललेली तिची पिल्ले आपल्याला कधीतरी दिसतील. उघडे अन्न मात्र झाकून ठेवावे, कारण तिला स्वयंपाकघर वर्ज्य नाही. पिंजऱ्यात ती चुकून सापडली, तर तेथेच सोडून द्यावी. हेच धामणीबाबतही सांगतो: बिनविषारी धामण ही घुशीची मोठी शत्रू असून वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. ती परसात दिसल्यास वाट मोकळी करून द्यावी. ओळख पटत नसेल, तर दूर राहून सर्पमित्राला बोलवावे.

प्रश्न : आमच्या हिरवळीत ढीग नाहीत, परंतु गोल पिवळे डाग पडले असून गवत हाताने ओढल्यास सतरंजीसारखे उचलले जाते. बगळे आणि साळुंक्या दिवसभर तेथेच चोची मारतात आणि एके रात्री रानडुकरांनी अर्धी हिरवळ उलथून टाकली. हीही घूस असेल का? (लाखनी तालुका, जि. भंडारा)

उत्तर : नाही. ही हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची अळी आहे. गवताची मुळे खालून खाल्ली गेल्याने ते उचलले जाते आणि पक्षी व डुकरे त्याच अळ्यांसाठी येतात. एका डागाच्या कडेला फूटभर लांब-रुंद चौकोन चार बोटे खोल उकरून पाहा. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या मिळतील. आता त्या वेचून कोंबड्यांना घालणे सर्वांत उत्तम. खरा बंदोबस्त मात्र मृगाच्या पहिल्या दमदार पावसानंतर करावा लागतो. त्या वेळी भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर पाला खाण्यास जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते खाली पाडावेत आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. हे काम सलग काही संध्याकाळी, आणि शेजारपाजारच्यांनी मिळून केले, तरच उपयोग होतो. जोडीला मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून पावसाळ्यात ओलाव्यावर द्यावी. ती जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चौकशी केल्यास मिळू शकते. अर्धवट कुजलेले शेणखत हिरवळीवर कधीही पसरू नये, कारण हुमणीची अंडी आणि अळ्या अनेकदा त्यातूनच येतात.

जाता जाता, ढीग नसून गवताखाली बोटाच्या जाडीच्या वेड्यावाकड्या फुगीर रेघा दिसल्या, तर ते पुढचे पाय फावड्यासारखे असलेल्या, जमिनीत राहणाऱ्या एका रातकिड्याचे काम असते. बादलीभर पाण्यात दोन चमचे भांडी घासण्याचे साबण-द्रावण मिसळून त्या जागी ओतावे. काही मिनिटांत किडे वर येतात.

प्रश्न : उंदरांच्या बिळांभोवतीचे वाढलेले गवत कापल्यानंतर आठ-दहा दिवसांनी मुलाला ताप भरला. शेजारी म्हणतात, उंदरामुळे ताप येतो. हे खरे आहे का? (काटोल तालुका, जि. नागपूर)

उत्तर : यात तथ्य असू शकते, म्हणून हे उत्तर वाचेपर्यंत डॉक्टरांकडे गेला नसाल, तर आधी मुलाला घेऊन जा. उंदीर-घुशींच्या अंगावर आणि त्यांच्या वावराच्या गवतात कोळ्याच्या वर्गातला एक अतिसूक्ष्म जीव असतो. त्याच्या अळीने चावा घेतल्यास स्क्रब टायफस हा ताप येतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि भोवतालच्या जिल्ह्यांत या तापाचे अनेक रुग्ण आढळले आणि काहींचा मृत्यूही झाला. मुलाच्या काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली किंवा कानामागे काळी खपली धरलेली, न दुखणारी लहान जखम आहे का, ते उजेडात नीट पाहा आणि ती दिसली किंवा न दिसली, तरी गवत कापल्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेत निदान झाल्यास हा आजार साध्या प्रतिजैविकाने बरा होतो. दिवस गेले, तर मात्र फुफ्फुसे आणि मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

पुढच्या वेळी गवत कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायमोजे आणि बूट घालावेत, कापलेल्या गवतावर बसू किंवा लोळू नये, काम संपताच कपडे गरम पाण्यात भिजवून साबणाने आंघोळ करावी. बिळांभोवतीचे गवत नेहमी बोटभरच राखावे. घुशीलाही उघड्यावर यावेसे वाटत नाही.